‘कशासाठी हवंय?’ विचारणाऱ्या अधिकारीबाई

मालती अधिकारीबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये हे मला कळतं. पण गोडगोड खोटं बाईंना चालत नाही आणि हा लेख त्या चष्मा पुसून पुसून वाचणार आहेत, तेव्हा झालं तसंच सांगते.

मी रोह्याजवळच्या खांब गावची. आमची भाताची शेती, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. रोह्याच्या कॉलेजात कला शाखेला नाव घातलं होतं. एका सकाळी ग्रंथालयाच्या खिडकीशी गेले आणि म्हटलं, “जीवशास्त्राचं पुस्तक द्या.” आत बाई बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक दिलं नाही. विचारलं, “कशासाठी हवंय?”

“वाचायला.”

“ते झालंच. पण कशासाठी?”

मला राग आला. “पुस्तकं द्यायला बसलात ना, मग द्या की. चौकशा कशाला?” माझं तोंड तेव्हाही असंच होतं. मागची मुलं हसली. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि तेच पुन्हा विचारलं, फक्त आवाज खाली आणून. मग निघालं खरं काय ते. आमच्या वालावर मावा पडला होता. बाबा रोज बांधावर उभे राहून नुसते बघत होते. कीड म्हणजे जीव आणि जीव म्हणजे जीवशास्त्र, एवढं माझं गणित.

“त्या पुस्तकात तुला बेडूक भेटेल गं, मावा नाही भेटायचा,” बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटाच्या तळातून शेतकी खात्याची एक पातळशी पुस्तिका काढली, नेमक्या पानात कागदाची पट्टी घातली आणि माझ्यासमोरच तालुक्याच्या कृषी सहायकांना फोन लावला. अर्धं पीक तोवर गेलंच होतं. उरलेलं वाचलं.

सुगी झाल्यावर बाबांनी बाईंसाठी पिशवीभर वाल पाठवले. “ग्रंथालयात खाण्याच्या वस्तू आणायला बंदी आहे,” असं म्हणत त्यांनी ती पिशवी टेबलाखाली सरकवली. पुढच्या आठवड्यात त्याच वालाचं बिरडं डब्यात घालून माझ्यासाठी आणलं. मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेलं. माझी आईसुद्धा एवढी उठाठेव सणालाच करते.

आता मुद्द्याचं सांगते. बाईंना पंचाहत्तरावं वर्ष लागतंय म्हणून आम्ही विद्यार्थिनींनी सोहळा ठरवला, ग्रंथ ठरवला आणि मोठ्या उत्साहाने रोह्याला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी चहा दिला, चकल्या दिल्या आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. सत्कार नको, ग्रंथ नको, हारतुरे तर मुळीच नकोत.

आम्हाला वाटलं, संकोच असेल. तसं नव्हतं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मी तुम्हाला ग्रंथपाल करायला निघाले होते. जागा निघतील, जागा निघतील म्हणत राहिले. एकीला तरी खुर्ची मिळाली का? तुम्हाला स्टँडवर नेऊन बसवलं आणि गाडी काही आलीच नाही. कसला गौरव करताय?”

हे एवढी वर्षं त्यांच्या पोटात होतं आणि आमच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, “बाई, गाडी आली नाही, पण आम्ही चालत गेलोच की.” त्यावर त्या नुसत्या मान हलवून कपबशा गोळा करायला लागल्या. हा ग्रंथ बाईंच्या होकाराविनाही काढता आला असता, पण मग त्याला काय चाटायचंय?

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. माझं बी.ए. झाल्यावर ग्रंथालयशास्त्राची पदवी घे असं सांगणाऱ्या बाईच. पेणला एका शाळेच्या वर्गात रविवारी तास व्हायचे आणि बाई रोह्याहून एसटीने येऊन शिकवायच्या. आपल्या भागात शाळा वाढताहेत, कॉलेजं वाढताहेत, पुढे तुमची गरज लागणार, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आम्ही पदव्या घेतल्या आणि भरती बंद झाली. पुढे खुद्द बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची जागाही भरली गेली नाही. किल्ली दुसऱ्या कोणाच्या टेबलाच्या खणात गेली.

घरी बाबा म्हणाले, “पुस्तकांचं शिकलीस ते बरं झालं. पण आता पुस्तकं हायेत कुठं?” माणगावचं स्थळ आलं होतं, माणसं चांगली होती. बाबा काही दुष्ट नव्हेत. त्यांनी मुदत दिली. पुढच्या गणपतीपर्यंत कामाला लागलीस तर ठीक, नाहीतर लग्न करून मोकळी हो. लग्नाला माझी ना नव्हती. पण आपली पदवी ट्रंकेत घालून सासरी न्यायची, या विचाराने मला रडू यायचं, आणि मी काही रडणाऱ्यांतली नाही.

बाईंच्या घरचा गणपती पेणच्या दामूशेठच्या कारखान्यातून यायचा. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे आषाढात आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. त्यावर नाव असतं आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. बाई पाट द्यायला गेल्या तेव्हा दामूशेठ माळ्यावर चढून शिव्या घालत एक साचा शोधत होते. शेकडो साचे, वडिलांच्या वेळचे, बंद पडलेल्या कारखान्यांकडून विकत घेतलेले, सगळे एकावर एक. सापडला नाही की नवा करायचा, हीच रीत.

बाईंनी खालूनच विचारलं, “कोणता शोधताय? कशासाठी हवाय?” आणि बोलता बोलता माझं नाव काढलं.

“पोरगी घेऊन काय करू बाई? तिला डोळ्यांची आखणी येते का? रंग मारता येतो?”

“नाही येत. तिला शोधता येतं. त्याच्या आधी ठेवता येतं.”

दामूशेठनी एका हंगामापुरतं कबूल केलं. गणपती गेल्यावर साचे लावायचे, आणि ओतकाम, म्हणजे साच्यांतून मूर्ती काढणं, नीट पार पडलं तरच पुढे ठेवणार. तसं त्यांनी बाईंच्या तोंडावर सांगितलं आणि बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला.

मी कामाला लागले. बाई दिवाळीच्या सुट्टीत मदतीला आल्या. आम्ही दोघी पुस्तकांतली माणसं. एका विषयाचं सगळं एका जागी, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. बाईंनी साचे बघितले. धडाचा साचा वेगळा, हातांचे वेगळे. झालं. सगळी धडं एका फळीवर गेली, उजवे हात दुसरीवर, डावे तिसरीवर, उंदीर खालच्या खणात. प्रत्येकावर बाईंच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी. इतका नेटका माळा पेणमध्ये कुणी बघितला नसेल. दामूशेठ बायकोला वर घेऊन आले दाखवायला.

ओतकाम सुरू झालं तशी आमची फजिती बाहेर आली. कारागीर बाळारामदादा एक धड घेऊन खाली बसले आणि म्हणाले, “संगीता, ह्याचा हात दे.” मी उजव्या हातांच्या फळीकडे बघितलं. सगळे हात सारखेच दिसत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्याला लावला तर बसत नव्हता आणि बसला तर तिरपा बसत होता. पूर्वी पसारा होता, पण ज्याचा हात त्याच्या शेजारी तरी पडलेला असायचा. आता कुणाचा हात कुणाला, देवच जाणे, आणि देव तर सगळे थोटे बसले होते.

दामूशेठ भडकले. रविवार होता, बाई आलेल्या होत्या. “बाई, माझा कारखाना म्हंजे काय कॉलेज नाय. ही पोरगी उद्यापासनं नको.”

बाई उठून उभ्या राहिल्या. सगळ्या कारागिरांसमोर म्हणाल्या, “दामूशेठ, चूक माझी आहे, पोरीची नाही. हात मी वेगळे केले, मीच जुळवून देते. तोवर तिला काढू नका.”

मग त्या खरंच हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून. “अगं, पुस्तकाला हात नसतात हे माझ्या लक्षातच आलं नाही.” बाळारामदादाही हसले, आणि दामूशेठचा पारा निम्मा उतरला.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी बाई पेणला आल्या. सकाळची एसटी, हातात डबा, अंगावर जुनी साडी. साच्यात शाडू दाबून हात काढायचा, एकेका धडाला लावून बघायचा, जुळला की दोन्ही साचे सुतळीने एकत्र बांधायचे. बाईंच्या केसांत मातीची धूळ बसायची. त्यांची कंबर दुखायची हे मला उठता-बसता दिसत होतं. बोलायची सोय नव्हती.

आणि जुळल्यावर चिठ्ठीवर काय लिहायचं? आधी आम्ही उंची आणि क्रमांक लिहिले होते. आता बाईंनी बाळारामदादांना विचारायला सुरुवात केली, “हा साचा लोक काय म्हणून मागतात?” दादा सांगायचे. हा वडखळच्या पाटलांचा, हा लोडाला टेकलेला, हा नानांच्या कारखान्यातला. बाई तेच शब्द लिहून घ्यायच्या. मला म्हणाल्या, “गिऱ्हाईक येईल ते आपल्या शब्दांत मागेल. ते शब्द इथे सापडायला हवेत.” वर्गात हेच त्यांनी खडू घेऊन शिकवलं होतं. तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत असेन.

ओतकाम वेळेत झालं. गणपती वेळेत गेले. दामूशेठ मला काही बोलले नाहीत. नव्या हंगामात माळ्यावर माझ्यासाठी एक पंखा लावला, त्यावरून मी समजले. बाबा एकदा बघायला आले, माळाभर फिरले आणि म्हणाले, “बरं हाय की.” लग्नही पुढे झालं, पेणमध्येच, आणि माझं काम सुटलं नाही. आज कारखान्याची मागणी, साचे, मूर्तींचे फोटो, परगावच्या लोकांशी बोलणं, सगळं माझ्याकडे आहे. माझ्याबरोबरची सुजाता धाटावच्या एका कंपनीत यंत्रांचे नकाशे सांभाळते. मशीन अडलं की पहिला फोन तिला जातो, मग तिची शिफ्ट असो वा नसो. फरीदा एका दवाखान्यात जुन्या पेशंटांचे कागद बघते. डॉक्टर बदलले तरी फरीदा बदलत नाही. या दोघींनाही बाईंनीच हाताला धरून त्या त्या दारात नेलं होतं. पण बाईंच्या हिशेबी हे सगळं म्हणजे पोरींनी कशीबशी काढलेली वाट, आणि दोष त्यांचा स्वतःचा.

तर यंदाच्या आषाढाची गोष्ट. बाईंनी सोहळ्याला नकार दिल्यानंतरची. त्या पाट द्यायला कारखान्यात आल्या. दरवर्षी स्वतःच येतात, भाचा गाडीने आणून देतो म्हणाला तरी नाही. पाटाच्या मागे त्यांच्या हातची चिठ्ठी, ‘अधिकारी, रोहा’, तेच सुरेख अक्षर. मी त्यांना बाकावर बसवलं. सोहळ्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

तेवढ्यात एक तरुण आत आला. डोलवीला कामाला, शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आलेला, गाव धरमतरच्या अंगाचं. “दीड फुटी बैठा दाखवा. पटकन. बाहेर मिनीडोअर रिक्षा उभी हाय.”

मी विचारलं, “कशासाठी हवाय?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “म्हंजे? गणपती कशासाठी हवा असतो?”

बाकावर बाईंनी मान वर केली.

“तसं नाही रे दादा. घरचा ना? मग आतापर्यंत कुणाकडून न्यायचात? तिकडे का नाही गेलास?”

त्याने बाहेर मिनीडोअरकडे बघितलं. मग म्हणाला, “आमचा गणपती नानांच्या कारखान्यातनं यायचा. तो बंद पडला. गेल्या साली दुसरीकडनं आणला. आमच्या बाबांचे डोळे गेलेत. पूजेला बसले, मूर्तीच्या हातावरनं हात फिरवला आणि म्हणाले, ह्यो आपला नाय. पूजा केली, पण दिवसभर जेवले नाय. आता तसाच कुठं भेटणार? म्हणून म्हटलं, निदान उंचीचा तरी तोच नेऊ.”

नानांनी कारखाना चालू असतानाच आपले जादा साचे दामूशेठना विकले होते. मी माळ्यावर गेले. ‘नानांचा, बैठा, दीड’ अशी चिठ्ठी, बाईंच्याच अक्षरातली, आता पिवळी पडलेली, आणि सुतळीने बांधलेले धड, हात सगळे एकत्र. पण या बैठकीचे नानांकडचे दोन साचे होते. कोणता, ते त्या मुलाला सांगता येईना. त्याने कधी हात लावून बघितलाच नव्हता.

“बाबा कुठे आहेत?” हे बाईंनी विचारलं.

“बाहेर मिनीडोअरमधी बसलेत. उतरायला त्रास होतो.”

बाळारामदादांनी दोन्ही साच्यांत शाडू दाबला. थोड्या वेळाने दोन ओले उजवे हात निघाले. मी उचलायला गेले तर बाईंनी आधीच पदर खोचला होता. ओल्या फडक्यावर दोन्ही हात घेऊन त्या बाहेर गेल्या, मी मागे. मिनीडोअरमध्ये म्हातारे बाबा काठी धरून बसले होते. बाई त्यांच्यासमोर वाकल्या, त्यांची बोटं धरून पहिल्या हातावर ठेवली. त्यांनी मान हलवली. “नाय.” दुसऱ्या हातावर ठेवली. ती बोटं मनगटावरून वर गेली, तळव्यावर थांबली, मग एकेक करून मातीच्या बोटांशी पोहोचली.

“व्हय,” ते म्हणाले. “ह्योच. करंगळी बघ, सुटी हाय. आमच्या हिला ती लय आवडायची. पहिली दूर्वा तिथं अडकवायची ती.”

त्यांनी हात सोडलाच नाही. ओल्या मातीत त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. मुलगा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. बाई तशाच वाकून उभ्या, त्यांच्या दुखऱ्या कंबरेचं मला भान राहिलं नाही, त्यांनाही नसावं. मग बाबांनी विचारलं, “तुम्ही कोण गो? कारखान्यातल्या?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “मी हिची बाई. ही इथली ग्रंथपाल आहे.”

मी खुर्चीवर बसत नाही, माळ्यावर सतरंजी टाकून बसते. माझ्या हाताखाली पुस्तकं मोजून दोन आहेत आणि दोन्ही दामूशेठची पंचांगं. पण बाईंनी ते म्हटलं आणि मला रडू आलं. रडणाऱ्यांतली नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही. त्या दिवसापुरतं सोडून द्यावं.

संध्याकाळी मी बाईंना स्टँडवर पोहोचवायला गेले. त्यांच्या नखांत शाडू तसाच होता. धुवा म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे. रोह्याची गाडी लागली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाल्या, “कार्यक्रम कधी आहे म्हणालीस?”

“तुम्ही ठरवाल तेव्हा.”

“वाल निघाल्यावर ठेवा. आणि सुजाताला सांग, शिफ्ट आधीच बदलून घे म्हणावं.”

म्हणून हा ग्रंथ तुमच्या हातात आहे, आणि म्हणून बाई आज व्यासपीठावर बसल्या आहेत. हारतुरे त्यांना अजूनही आवडत नाहीत, तेवढं सांभाळून घ्यावं.

रिवाजाप्रमाणे शेवटी बाईंना उदंड, निरोगी आयुष्य चिंतायचं असतं. ते मी मनापासून चिंतते. पण मी हे लिहिताना मला खिडकीआडून तो प्रश्न ऐकू येतोय, एवढं आयुष्य कशासाठी हवंय? बाई, आता मी उलटून बोलत नाही, नीट सांगते. डोलवीच्या त्या मुलाने यंदा गणपती नेला. त्याचे बाबा पोटभर जेवले, हे सांगायला तो पूजेच्या दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाता जाता माझ्याकडे थांबला, आणि त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तो पुढच्या वर्षीही पाट घेऊन येणार आहे. तुमचाही पाट यायला हवा, त्याच्या मागची चिठ्ठी तुमच्याच अक्षरातली हवी, आणि ती घेऊन तुम्ही स्वतः यायला हवं. दरवर्षी. एवढ्यासाठी हवंय.